मला धरून

माझी सून पोलंडची. मुलगा तिकडे नोकरीला होता, तिथंच लग्न केलं. हे गेल्यावर मी सोलापुरात एकटी पडले, म्हणून दोघं इकडे राहायला आली. गल्लीतले लोक म्हणायचे, "बघा, टिकते का." मीही मनात तेच म्हणत होते, खोटं कशाला बोलू?

पण ती आली ती फोन हातात घेऊनच. नवी सून सासूला विचारते, ही फोनला विचारायची. भाकरी कशी थापायची ते तिनं कुठल्याशा बाईच्या व्हिडिओत बघितलं. मी शेजारी उभी, हाताला पीठ, आणि ही बघतेय फोनमध्ये! मी म्हटलं, "अगं बाई, मी काय मेले का?" फोननं तिला काय सांगितलं देव जाणे, तिनं घाबरून माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

तरी कौतुक करायचं ते केलंच पाहिजे. नळाला पाणी यायचा दिवस गल्लीत कुणाच्या लक्षात राहायचा नाही, हिच्या फोनवर घंटा वाजायची. बायकांच्या ग्रुपवर "पाणी आलं" एवढं मराठी लिहायला ती शिकली, आणि मग बायका तिलाच विचारायला लागल्या. परदेशातून भारतात आलेल्या सुनांचाही एक ग्रुप होता. हळदीकुंकवाला काय नेसायचं, तिखट नको हे सासूला कसं सांगायचं, सगळं त्या एकमेकींना विचारायच्या. आमच्या शेंगाचटणीनं पहिल्या दिवशी तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. आता ब्रेडला लोण्यासारखी फासून खाते.

बोलणं मात्र फोनचं. मी वैरागची, माझ्या तोंडात तिकडचीच भाषा. मी "दूध हाय का?" म्हटलं की ती हसून हात हलवायची, "हाय!" तिला वाटायचं, सासू दिवसभर इंग्रजीत नमस्कार करतेय. मुलानं समजावलं तेव्हा आम्ही तिघं पोट धरून हसलो.

मग एकदा मुलगा कामासाठी पुण्याला गेला होता. मी सकाळी ओट्यापाशी होते. ती आली आणि फोनमध्ये बघत एकेक शब्द जुळवून म्हणाली, "आई, आम्ही घर बघितलं. जुळे सोलापूर. भाड्याचं. दिवाळीनंतर आम्ही तिकडे राहू."

आम्ही! आणि जुळे सोलापूर म्हणजे शहराच्या पार कडेची नवी वस्ती. घ्या, म्हटलं, माझ्यासाठी आली म्हणे! फणकाऱ्यानं बोलले, "जावा की. मला काय करायचंय?"

तिनं फोन माझ्या तोंडापुढं धरला, त्यानं काय सांगितलं ते वाचलं, आणि गोड हसून म्हणाली, "तुम्हाला काही करायचं नाही. तुम्ही नुसतं बसा."

नुसतं बसा! तळपायाची आग मस्तकाला जाईल नाहीतर काय होईल? त्या दिवसापासून मी अबोला धरला. मुलाचा फोन आला की "बरी हाय" म्हणून ठेवून द्यायची. "मला टाकून जाणार का रे?" असं विचारायचं होतं, पण तो "हो" म्हणाला तर? लई भीती वाटत होती. राग होता तो वरवरचा, आत सगळी भीतीच होती.

मुलगा यायच्या आदल्या दिवशी मी त्यांची भांडी वेगळी काढायला बसले. मागायच्या आधी दिलं की आपला मान राहतो. बिडाचा तवा, दोघांची ताटं, चांगला कुकर, सगळं एका खोक्यात भरलं. सून येऊन उभी राहिली. तिनं खोक्यात बघितलं, मग फळीवर बघितलं.

"आई, तुमचं ताट?"

"माझं हितंच. मी कुटं येणाराय?"

एवढं तिला फोनशिवाय समजलं. "नाही! आई, नाही!" म्हणत ती माझ्यापुढं खालीच बसली आणि फोनमधले फोटो दाखवायला लागली. तळमजल्यावरची एक उजेडाची खोली होती. "ही आईची. जिना नाही. गुडघे." आमचं आत्ताचं घर वरच्या मजल्यावर, जिना चढताना मी रोज देवाला हाका मारते. पुढचा फोटो मोरीचा होता, उठताना धरायला भिंतीत दांडा. "मालकाला मी सांगितलं. त्यांनी लावलं."

आणि मग माझा पारा दुसऱ्याच कारणानं चढला.

"अगं, मग आम्ही आम्ही काय लावलंयस? आपण म्हण की!"

"आपण?" तिनं फोनला विचारलं. फोनला दोन्ही शब्द सारखेच. तिनं ते मला दाखवलं. "एकच."

"एकच कसं? मसणात गेला तो फोन! आम्ही म्हणजे तुम्ही दोघं, मी बाहेर. आपण म्हणजे मला धरून." मी तिच्याकडे बोट केलं, माझ्याकडे केलं आणि आम्हा दोघींभोवती हवेत गोल काढला.

तिच्या ध्यानात आलं तसा तिचा चेहरा एवढासा झाला. सासू का बोलत नाही, हे बिचारी त्या परदेशी सुनांच्या ग्रुपवर विचारत बसली असणार, आणि त्या पोरींना तरी काय कळणार? "आपण," ती म्हणाली. "आई, आपण. सॉरी." मला रडू आलं, मी ते लपवलं नाही. तिला जवळ ओढलं.

फोन चालूच होता. त्यात अजून एका खोलीचा फोटो होता, लहानशी, मागच्या अंगणाकडं खिडकी असलेली. ती कुणाची, ते ती सांगेना. मग तिनं फोन बाजूला ठेवला आणि स्वतःच शब्द शोधत म्हणाली, "पोलंडची आई. एकटी. थंडीत... आपण?" बोटानं तिनं हवेत गोल काढायला घेतला, पण अर्ध्यात थांबली आणि माझ्याकडं बघत राहिली.

एकटी हा शब्द ती गल्लीतच शिकली असणार. बायका माझ्याबद्दल बोलताना तोच वापरायच्या.

"लाव की तिला फोन," मी म्हटलं.

पडद्यावर जाड स्वेटर घातलेली एक पांढऱ्या केसांची बाई आली. आजवर आम्ही एकमेकींना लांबून हात तेवढे हलवले होते. सून घाईघाईनं तिच्या भाषेत सांगायला लागली, तर मी तिला थांबवलं. पदर सारखा केला आणि विहीणबाईंना म्हटलं, "या. आपल्या घरी या."