लताक्कांना दम लागायचा ती घरं

आज सकाळी चकलांब्याला लताक्कांच्या शोकसभेला गेलतो. ऊसतोडणीला जाणाऱ्या बायांसाठी झटणाऱ्या आक्कांना जुना दमा होता. गावात फिरताना दम लागला की कुणाच्या तरी ओट्यावर टेकायच्या, पाणी मागायच्या.

सभेत एक बाई उठून म्हणाली, "आक्का माझ्याच दारात बसायच्या. त्या बसल्या की आमच्या मालकाचा माझ्यावर हात उठत नव्हता."

मागून दुसरी म्हणाली, "माझ्याबी दारात बसायच्या." मग तिसरी उठली.

मी दहा वर्षं त्यांच्यासोबत फिरलो. दम्याचा पंप माझ्याच पिशवीत असायचा. वाटेत चारदा मागायच्या, पण या बायांच्या ओट्यांवर बसल्यावर कधी मागितल्याचं आठवत न्हाई.

मंडळी, आक्का तुमच्याही दारात बसल्या असतील. तेव्हा घरात काय चाललं होतं, आठवतंय का?