जोमाकाकाचा भारा

आंब्याची पेटी उघडली, दमट पेंढ्याचा वास आला की मला अठ्ठेचाळीसचं वादळ आठवतं. ठाण्याच्या खाडीकाठी आमचं मिठागर होतं. दुपारी वारा चढला तसा शेजारचा जोमाकाका दारात आला.

"बाय, मिठाची रास झाकाया थोडा पेंढा हाय का गो?"

माळा पेंढ्यानं भरलेला होता. पण आमचीही रास झाकायची होती.

"नाय काका, संपला," मी म्हटलं.

वादळात दोघांच्याही राशी विरघळून गेल्या, आमचं छप्परही उडालं. सकाळी जोमाकाका आला तो डोक्यावर ओल्या पेंढ्याचा भारा घेऊन.

"बाय, तुमचा पेंढा आमचे अंगनान आलता," एवढंच म्हणाला, आणि आमचे पडलेले वासे उचलायला लागला.

माफी मागायची राहिली, ती राहिलीच.