धुरा नसलेली हिरवळ

मी लष्कराच्या सिग्नल्समध्ये नायक होतो. मूळचा अड्याळजवळच्या खेड्यातला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस माझी ड्यूटी दोन सीटच्या हलक्या विमानात लागली. पुढे पायलट कॅप्टन बक्षी, मागे रेडिओ घेऊन मी. धान पिकवणाऱ्यांचा पोरगा म्हणून साहेब मला ‘चावल’ म्हणायचे. वय सव्वीस, माणूस हसरा. त्यांच्यावर चिडणं जमायचं नाही.

त्या सप्टेंबरात वैनगंगेला पूर आला. पाण्याने वेढलेली गावं हेरायची आणि रेडिओवर कळवायची, एवढंच काम. विमानाचा फ्यूएल गेज मधेच अडकायचा. म्हणून प्रत्येक उड्डाणाआधी टाकीत लाकडी पट्टी बुडवून इंधन मोजायचं, असा नियम होता. तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला निरोप आला, लाखांदूरकडे माणसं छपरांवर चढली आहेत. साहेब आत बसलेच होते. मी पट्टी हातात घेतली.

“गेज आधा दिखा रहा है. छोड, चावल. बैठ.”

मी पट्टी ठेवली आणि बसलो.

तीन चाळीसला, परतीच्या वाटेवर, इंजिन दोनदा खोकलं आणि थांबलं. गेज तेव्हाही अर्ध्यावरच होता.

“बेस, इंजन बंद. फ्यूएल खतम. अड्याळ के पास उतर रहा हूँ. ओव्हर.”

साहेबांचा आवाज नेहमीचाच होता. खाली सगळीकडे धानाच्या बांध्या, छोटी छोटी खाचरं, आणि प्रत्येक बांधीला मातीचा धुरा, म्हणजे बांध. धुऱ्याला चाक अडलं की विमान उलटणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

“चावल, तेरा इलाका है. बिना मेंड की जगह बता.”

मला दिसली. लांबरुंद, सपाट, हिरवीगार, एकही धुरा नाही.

“साब, दायें. हरा मैदान.”

“दिख गया. शाबाश, चावल.”

चाकं टेकली आणि पाणी उसळलं. तो शिंगाड्याचा तलाव होता. वेलांनी काठोकाठ झाकलेला. असल्या तलावात लहानपणी मी डोंग्यात बसून शिंगाडे तोडलेत. पण वरून कधी पाहिला नव्हता. आमच्या मुलखात धुरा नसलेली हिरवळ म्हणजे पाणी, हे मला आठवायला हवं होतं.

विमान उलटलं. माझा पट्टा सुटला, साहेबांचा सुटला नाही. पाणी छातीएवढंच, पण गाळात पाय रुतत होते आणि वेल हाताला गुरफटत होते. मी त्यांना ओढत राहिलो. तलावाच्या काठावरच्या पाळीवरून दोन ढिवर, मासेमारी करणारे, डोंगा घेऊन आले. त्यांनी विळ्याने पट्टा कापला, तोवर सगळं संपलं होतं.

“इथं कायले उतरले जी?” म्हातारा ढिवर म्हणाला. “हा त शिंगाड्याचा तलाव होय.”

“मैदान वाटलं.”

“तुमी कोनत्या गावचे?”

मी गावाचं नाव सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि डोंगा वळवला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत पट्टीबद्दल विचारलं, ते मी सांगितलं. उतरायची जागा कोणी दाखवली, हे कोणी विचारलं नाही. मीही बोललो नाही. त्याची लाज अजून वाटते.

हिवाळ्यात साहेबांच्या आईचं पत्र आलं. मुलगा शेवटी काय बोलला, एवढंच त्यांना हवं होतं. मी लिहिलं, मला शाबाश म्हणाले. कशाबद्दल, ते लिहिलं नाही.