तीर्थपुरीची भाजकी माती

आमच्या थोरल्या जाऊबाई गोपिकाबाई तोंडानं लई फटकळ, पण मनानं निर्मळ. गावात कुणाचं बी लेकरू रडलं की आधी ह्याच धावणार. मी धाकटी, उषाबाई. पंचवीस वर्षं एका चुलीवर काढली आम्ही, म्हणून मला बोलायचा हक हाय.

त्यांचा अंगद पोटात व्हता तवा त्यांना कवठ खावंसं वाटलं. सासूनं दिलं न्हाई. "लाड कशाचे?" म्हणली. पुढं अंगदचे कान वाहू लागले ते कायमचेच. आज बी दोनदा हाक मारल्याबिगर पोरगं वळत न्हाई. डोहाळे मोडले की लेकराचे कान फुटतेत, हे गोपिकाबाईंच्या काळजात रुतून बसलं ते बसलंच.

मंग अंगदच्या बायकोला, छकुलीला, दिवस गेले. दीड महिन्यातच पोरीचं अन्न तुटलं. भाकरीचा वास आला की पदर तोंडाला. वरण नको, दूध नको. अंगणवाडीच्या बेबीनंदानं रक्ताच्या गोळ्या दिल्त्या, त्या घेतल्या की उलटी. एक दिवस चूल सारवता सारवता तिनं मातीचा खडा तोंडात टाकला अन् किती दिसांनी हसली. "आत्याबाई, हे लागतंय चांगलं."

झालं! गोपिकाबाई बाजाराच्या दिवशी तीर्थपुरीला गेल्या अन् खायची भाजकी माती घेऊन आल्या, चांगली किलोभर. डबा पोरीच्या उशाशी. रोज स्वतःच्या हातानं खडे फोडून द्यायच्या, बोरं द्यावीत तसे.

मी म्हणलं, "अवं बाई, पोटात अन्नाचा कण न्हाई अन् माती काय घालून राह्यलात?"

"तू गप बस. पहिले तीन महिने असंच असतंय. डोहाळे मोडून आणखी एक बहिरं आणू का घरात?"

बेबीनंदा दोनदा येऊन सांगून गेली, "काकू, अंगात रक्त कमी असलं की माती खावी वाटती. अन् माती खाल्ली की भूक अजून मरती. घास घास करून अन्न द्या, अन् जल्दी तपासणीला चला." तिला चहा पाजून वाटंला लावलं. मी बी मंग बोलले न्हाई. एरवी चुरुचुरु चालणारी माझी जीभ तवाच कशी टाळूला चिकटली, मेली!

तिसऱ्या महिन्यात छकुलीचे ओठ पिठावानी पांढरे पडले. न्हाणीपोत्तर चालली तरी धाप लागायची. चौथा लागला अन् एका सकाळी अंगावरून रक्त जायला लागलं, थांबता थांबंना. जालन्याला नेस्तोवर पोट रिकामं झाल्तं. डॉक्टर म्हणले, हिच्या अंगात आधीच रक्त न्हवतं. रक्ताची पिशवी लावली, पण दुपारी पोर गेली. बाविसावं लागल्तं तिला.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर बसून राह्यले, पण एक खाली येईना. तिची माय रडत म्हणली, "काय राह्यलं गं बाई तुझ्या मनात?" कुणी पेढा ठेवला, कुणी हिरव्या बांगड्या. अंगदनं हात जोडले. बिलकुल न्हाई.

मला ठाऊक व्हतं काय राह्यलं ते. डब्यातला उरलेला खडा गोपिकाबाईंच्या मुठीत व्हता, येतानाच मी पाह्यल्ता. जवळ जाऊन हळूच म्हणलं, "ठिवता का, बाई?"

त्यांनी मूठ आवळली. पिंडाकडं पाहून सगळ्यांदेखत बोलल्या, "न्हाई देणार, माय. दुसरं काय बी माग. हे आता न्हाई देणार."

ऊन डोक्यावर आलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला, अन् आम्ही निघालो. गोपिकाबाईंची मूठ घरी येईस्तोवर सुटली न्हाई.