आधी ए, मग आय

"आय ॲम कम्प्लायंट टू यू, सर."

साहेबांनी हे वाक्य दोनदा वाचलं. सकाळची मीटिंग, आम्ही चाळीसेक जण मशीनांच्या मधल्या पट्ट्यात उभे. साहेबांच्या हातात माझा अर्ज. चष्मा कपाळावर सारून ते म्हणाले, "ए हरसूल, पुढे ये. काय लिहिलंयस माहितीये?"

"तक्रार केलीय, सर."

"तक्रार नाही रे. तू लिहिलंयस, मी तुमचा आज्ञाधारक आहे. टाळ्या वाजवा याच्यासाठी."

साहेब हसले, सगळे हसले, टाळ्या वाजल्या. खोटं कशाला सांगू, मीही हसलो, टाळ्यांत दोन हात माझेही होते.

हरसूल हे माझं नाव नाही, गाव आहे. नाशिकमधल्या अंबडच्या या कारखान्यात नऊ वर्षं पॅकिंगला आहे, कंत्राटावर. नाव कार्डावर आहे, कार्ड गळ्यात आहे. साहेबांना गावच सोपं पडत असावं.

तक्रार भाकरीची होती. आम्ही डोंगराकडचे चौघं कॅन्टीनच्या टेबलावर डबे उघडायचो. नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी. दोन्ही काळ्या. एकदा कारखाना बघायला पाहुणे आले, त्यातल्या कुणीतरी नाक मुरडलं. दुसऱ्या दिवशी हुकूम आला, या चौघांनी स्कूटर स्टँडच्या मागे बसायचं. साहेबांच्या केबिनमध्ये नाचणीची बिस्किटं असतात, डॉक्टरांनी सांगितलेली. नाचणी म्हणजे आमची नागलीच. फक्त ती पाकिटातून येते.

महिनाभर स्टँडमागे जेवलो. मग अर्ज लिहिला. इंग्रजीत लिहावा ही अक्कल माझीच. मराठी कागदावर साहेब चहाचा कप ठेवतात, हे पाहिलेलं. इंग्रजीवर नाही ठेवणार, असं वाटलं.

शब्द काही परका नव्हता. नळाची कंप्लेंट, पोटाची कंप्लेंट, पोलिसात कंप्लेंट. तोंडात दिवसभर असतो. लिहायची वेळ कधी आली नव्हती. मोबाइलवर टाइप केला, खाली लाल रेघ आली नाही. रेघ नाही म्हणजे बरोबर, एवढं शाळेनं शिकवलेलं. पंचवटीतल्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढली. जाड कागद मागितला. स्वतःची फजिती चांगल्या कागदावर असावी.

टाळ्यांनंतर स्टँडमागे बसून मोबाइलवर दोन्ही शब्द एकाखाली एक काढले. एक तक्रारीचा, एक मान तुकवण्याचा. अक्षरं तीच, तेवढीच. मधली दोनच उलटी. तक्रारीत आधी ए, मग आय. मान तुकवायची तर आधी आय, मग ए. मोबाइल तरी कशाला रेघ मारेल? त्याच्या लेखी दोन्ही बरोबर.

कॅन्टीनच्या सुमनताई भांडी ठेवायला मागे आल्या. येवल्याच्या आहेत, बोलायला सडेतोड.

"तुम्ही कशाला हसत होता हो?"

"सगळेच हसत होते, ताई."

"सगळे टेबलावर जेवतात."

एवढं बोलून गेल्या. मी डबा झाकला.

आज्ञाधारक. हा शब्द मला नवा नव्हता. शाळेत प्रत्येक अर्जाच्या तळाशी तोच. सुट्टी पाहिजे, आपला आज्ञाधारक. दाखला पाहिजे, आपला आज्ञाधारक. ताप आला तरी आज्ञाधारक. पुढे नोकरीच्या अर्जातही सवयीनं तेच लिहिलं. बोटांना वळण पडलेलं. स्पेलिंग चुकलंच नसेल कदाचित. डोकं तक्रार सांगत होतं, बोटांनी खरं ते लिहून टाकलं.

या विचाराची लाज वाटली. साहेब हसले तेव्हा वाटली त्यापेक्षा जास्त.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन टेबलावर बसलो. साहेब स्वतः आले.

"ए हरसूल, ऊठ. तूच लिहून दिलंस ना, आज्ञाधारक आहे म्हणून?"

"चुकलं होतं, सर. दुरुस्त करून आणलंय."

खिशातून कागद काढला. मराठीत, तीन ओळी. आम्हाला टेबलावरून उठवलं, ही माझी तक्रार आहे. भाकरी काळी आहे, ती काळीच राहील. आम्ही इथेच जेवणार. खाली माझं पूर्ण नाव.

साहेबांनी तळाशी बोट ठेवलं. "खाली काय लिहितात ते राहिलं."

"राहिलं नाही, सर. काढलं."

कागद त्यांनी शेजारच्या टेबलावर टाकला. त्यावर कप ठेवला. ठेवणारच होते. मी भाकरी मोडली. शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.

बाकीचे तिघं अजून स्टँडमागेच बसतात. मी त्यांना बोलावत नाही, माझ्या डब्याचे कप्पे मांडून तीन जागा धरून ठेवतो. सुमनताई त्या जागांपुढे पाण्याचे तीन पेले भरून ठेवतात. साहेब रोज बघतात. कंत्राट संपलं की मला काढतील, हे कळतं. दमलोय मी. पण दमायचंच असेल तर बसून दमेन. टेबलावर.

काढलं तर त्याचीही तक्रार लिहीन. खाली आज्ञाधारक नसेल.

आणि कुणी इंग्रजीतच मागितली, तरी हरकत नाही. स्पेलिंग आता पाठ आहे. आधी त्यांच्या 'ए हरसूल'मधला ए. मग माझा आय.