नाना, घारी सोडा

चारजण चहाला बसले की प्रत्येकाला आपल्या शहाणपणाची गोष्ट सांगायची असते. मी माझ्या एका पोस्टकार्डाची सांगतो. दहा ओळींचं कार्ड, पण त्यानं ऐन दिवाळीच्या तोंडावर एक संसार मोडत आणला होता. आणि विषय काय? दात.

सुरतेत कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी चंदनी पडवो असतो. त्या दिवशी अख्खं शहर घारी खातं. माव्याचं सारण, बाहेर मैद्याची पारी, तुपात तळायची आणि वरून थिजलेल्या तुपाचा जाड थर. आमच्या डिंडोली भागातही, जिथं खानदेशातून आलेले यंत्रमागवालेच जास्त, घरोघरी खोकी येतात. आपला सण नसला तरी गोड खायला कोण नाही म्हणतं?

नाना, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, दर वर्षी या पडव्याला गावाहून येतात. गेल्या पडव्यालाही आले. मी तेव्हा नुकतंच कॉलेज सोडलं होतं आणि सुरतेतल्याच पर्वत पाटिया भागात साड्यांच्या घड्या घालायला लागलो होतो. नानांनी सगळ्यांसमोर माझी हजेरी घेतली. माणसाला मनावर ताबा पाहिजे, तुमच्या पिढीला तो नाही, असं बरंच. बाबा खाली बघत बसले. आमच्या घरात मोठा बोलायला लागला की बाकीचे जमिनीवरच्या फरशा मोजतात.

आता गंमत ऐका. मनावरच्या ताब्याचं हे भाषण नाना देत होते डाव्या गालात लवंग धरून, कारण दाढ सुजली होती. आणि उजव्या बाजूनं घारी चावत होते. माझ्यासमोर पाचवी. मी फक्त घाऱ्या मोजल्या. आणि डोक्यात ठेवलं.

दातांबद्दल मला तेव्हा जरा जास्तच कळत होतं. नवरात्रात माझी एक दाढ ठणकली होती, डॉक्टरनं साफ करून त्यात तात्पुरतं सिमेंट भरलं होतं. पंधरा दिवसांनी पक्कं भरायला ये, तोवर गोड बंद, असं बजावलं होतं. त्यांच्या भिंतीवर किडलेल्या दाताचं मोठं चित्र होतं. ते अर्धा तास बघून मी बाहेर आलो तो अर्धा डॉक्टर होऊनच. घरात प्रत्येकाला सांगत सुटलो, सणात गोड खाल्लं की लगेच चूळ भरा, रात्री ब्रश करा, चिकट तर खाऊच नका. पक्कं भरायला मात्र गेलो नाही. दुखायचं थांबलं होतं ना.

नाना गावी गेले आणि दोन दिवसांनी मी ते कार्ड लिहिलं. खरं सांगतो, काळजीनं नाही लिहिलं. उट्टं काढायला लिहिलं. शब्दन् शब्द पाठ आहे:

‘नाना, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. घारी आता सोडा. तुमच्या वयाला ती झेपत नाही. इतकी वर्षं तिच्या नादी लागलात, त्रासाशिवाय काय मिळालं? घरातले सगळे जाणतात, तोंडावर कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. मनावर ताबा ठेवा. निदान यंदाच्या दिवाळीला तरी तिला घरात ठेवू नका.’

कार्डावर जागा संपली. पुन्हा वाचून बघितलं आणि स्वतःवरच खूश झालो. त्यात दात हा शब्द नव्हता, मिठाई हा शब्द नव्हता. कशाला हवेत? सुरतेत घारी म्हणजे घारी.

दिवाळी चार दिवसांवर आली आणि कोपऱ्यावरच्या पीसीओवाल्यानं निरोप धाडला, गावाहून फोन आहे. मी पळत गेलो. पलीकडे नाना. आवाज एकदम बसलेला.

“तुना कार्डमुये घारी निंघी गई रे भो.”

मला वाटलं, जिंकलो. म्हटलं, “बरं झालं नाना. सुटली एकदाची.”

मग मी पुढचा सल्लाही दिला.

“पहिले चार दिवस आठवण येईल,” मी म्हटलं, “मग तोंडाची चवच बदलते. आता कोणी आणून दिली तरी दारातून परत पाठवा.”

नाना म्हणाले, “दोन पोऱ्यासनी माय शे ती.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. नानांची बायको, आमची मोठी आई. तिचे डोळे घारे. लग्न होऊन आली त्या दिवसापासून गाव तिला घारीच म्हणतं. सासूही म्हणायची, नानाही म्हणतात. मी तिला मोठी आई म्हणतो, त्यामुळे मला ते नाव आठवायचं कारणच नव्हतं. नानांनी मग फोनवर सगळं सांगितलं. कार्ड आलं तेव्हा ते शेतात होते. तिला वाचता येत नाही. पोस्टमननं ओसरीत उभं राहून, शेजारपाजाऱ्यांसकट सगळ्यांना, खणखणीत आवाजात वाचून दाखवलं.

तुम्ही म्हणाल, नानांनी सांगायचं ना, घारी ही मिठाई आहे म्हणून. सांगितलं की. तिनं एकच विचारलं, वीस वर्षं सुरतेला जाता, त्या मिठाईचा एक तुकडा तरी या घरात आला का? नानांकडे उत्तर होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं. बाबा दर वर्षी घरी न्यायला म्हणून त्यांना खोकं द्यायचे, आणि पॅसेंजर नंदुरबारला पोचेपर्यंत नाना ते एकटे रिकामं करायचे. मनावर ताबा, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी घारीचं खोकं मांडीवर घेऊन मी गाडीत बसलो. नाना दोंडाईच्याला चढले. तिथून एसटीनं मोठ्या आईच्या माहेरी. अंगणात तिचे दोघे भाऊ खाटेवर बसलेले. पाणी दिलं, पण चहाचं कोणी विचारलं नाही. आमच्याकडे यावरून काय ते समजायचं असतं.

मी खोकं उघडलं, आणि दर वर्षीचं खोकं गाडीतच कसं संपतं तेही सांगून टाकलं. झाकणावर गुजराती अक्षरात नाव होतं, ते बोट ठेवून वाचलं, घारी.

मोठी आई दारात उभी होती. म्हणाली, “लिखनारा तूच, वाचनारा बी तूच.”

भाऊ हसले. मी नाही हसलो. ती पुढे आली, खोक्यात बघितलं आणि हळूच म्हणाली, “माले वाटनं, शेवट कोनीतरी लिखी टाकं.”

घाऱ्या डोळ्यांची सून घराला लाभत नाही, हे तिच्या पाठीमागे वीस वर्षं बोललं जात होतं. आजी बोलायची, चुलत्या बोलायच्या, आणि नाना, आमचे ताबेवाले नाना, ऐकून घ्यायचे. म्हणून तिला माझं कार्ड चुकीचं वाटलंच नाही. उलट, आपण इतकी वर्षं जे ऐकू येऊनही ऐकलं नाही, ते आता शाईत आलं, एवढंच वाटलं. मी चूक केली ती एका शब्दाची. ती तिला खरी वाटावी अशी तयारी मात्र घरच्या मोठ्यांनी आधीच करून ठेवली होती. हे मी नानांसमोरच बोललो. ते फरशा मोजायला लागले. अंगणात फरशा नव्हत्या, तरी.

मोठ्या आईनं एक घारी उचलली आणि माझ्यापुढे धरली. “खाई दाखाड.”

“मी गोड सोडलंय,” मी म्हटलं.

“लोकेसले सोडाले लावस, मंग तू खाय.”

मी खाल्ली. तिनं दुसरी दिली. भाऊ निरखून बघत होते, जणू विषाची परीक्षा चाललीय. तिसरीचा घास चावला आणि आत काहीतरी कट्कन वाजलं. सिमेंट. पुढचं वर्णन करत नाही. गाल धरून मी खाटेवर बसलो, आणि मोठ्या आईनं चुलीशी जाऊन माझ्यासाठी लवंग आणली. मग उरलेल्यातली एक तोडून तोंडात टाकली, डोळे मिटून चावली, आणि नानांकडे वळून विचारलं, “दर साल? आख्खं खोकं?”

नानांनी मान हलवली. तिला हसू आलं. त्याच संध्याकाळी ती परत निघाली, पण पुढच्या पडव्याला सुरतेला तीच येणार आणि खोकं तिच्याच मांडीवर राहणार, हे भावांसमोर कबूल करून घेऊन.

मी सुरतेला आलो आणि सरळ डॉक्टरकडे गेलो. भरण्यासारखं काही उरलं नव्हतं. दाढ काढली. तोंडात कापूस धरून सगळी दिवाळी ताटांकडे बघत काढली.

भाऊबीजेनंतर गावाहून कार्ड आलं. शेजारच्या कुठल्यातरी शाळकरी मुलीच्या अक्षरात, मोठ्या आईनं सांगून लिहवलेलं. आमच्याही पोस्टमननं ते दारात, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं:

‘पोरा, स्पष्ट लिहिते, राग मानू नको. घारी आता सोड. तुझ्या वयाला ती झेपत नाही. तुझीच, घारी.’