विटेची धग

लग्न होऊन दोन पावसाळे झाले आणि माझा उजवा पाय सुजला. सासर ईटला, माहेर कळंबला. आधी थंडी वाजून ताप आला, मग जांघेत अवधान आलं, लिंबाएवढी टणक गाठ. ताप उतरला, गाठही बसली, पण पाय काही उतरेना. पोटरी कुठं संपते आणि घोटा कुठं सुरू होतो ते कळेनासं झालं. सासूबाईंनी काही दिवस लेप लावून पाहिले आणि एका सकाळी गाडी जुंपायला सांगितली. मला माहेरच्या दारात उतरवलं, आईनं पुढं केलेलं गूळपाणीही घेतलं नाही, आणि जाता जाता म्हणाल्या, "पाय उतरला की सांगावा धाडा."

नवरा सोबत आला नव्हता. तो शेतात गेला होता म्हणे. ऐन उन्हाळ्यात शेतात असं काय काम निघालं होतं ते मला अजून कळलेलं नाही.

वडिलांचं कळंबच्या बाजारात आडत दुकान. दिवसभर जवारीच्या पोत्यांशी बोलायचे, घरात मात्र फारसं बोलत नसत. संध्याकाळी आईनं त्यांना सांगाव्याचं सांगितलं तेव्हा त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "सांगावा? आमी काय माल तयार झाला म्हून वर्दी द्यायची? त्येंची सून हाय. त्येंनी मूळ धाडावं, मी पोरगी धाडतो."

मूळ म्हणजे सुनेला न्यायला येणारं सासरचं माणूस. मूळ आल्याशिवाय लेकीनं सासरी जायचं नाही ही आमच्याकडची रीत. गेलीच, तर बोलावलं नसताना आली हे तिला जन्मभर ऐकावं लागतं. म्हणजे पहिल्याच दिवशी सगळं ठरून गेलं. ईटला सासूबाई सांगाव्याची वाट बघणार आणि कळंबला वडील मुळाची. दोघंही आपापल्या जागी बरोबर. मधे मी, माजघरात, पाय लांब करून बसलेली. मला मात्र माझ्या घरी जायचं होतं. नवऱ्याचा राग येत होता तरी जायचं होतं.

पेठेतल्या हकीमसाहेबांनी लांबूनच पाय पाहिला. त्यांनी कसलाही काढा दिला नाही. आईला म्हणाले, "शेक दे, पण लावून नको. चटका नको, बाई, नुसती धग. धगीनं आतलं पाणी ढिलं होतं. मग बोटानं वर सारायचं. खालनं वर. वरनं खाली कधी नाही."

लढाईमुळं रॉकेल मिळत नव्हतं, रिकामा डबा तेवढा घरात पडून होता. आईनं तो उभा कापून घेतला आणि आडवा ठेवला. चुलीत वीट लाल होईपर्यंत तापवायची, चिमट्यानं उचलून डब्यात उभी करायची आणि डब्याचं उघडं तोंड माझ्या पायाकडं करायचं. पत्र्यावरून धग सगळी पुढं यायची. पाय ठेवायला दुकानातली धान्य मापायची एक चेपलेली पायली उपडी घातलेली असायची. वीट विझत आली की दुसरी तयार. मग एरंडेलाचं बोट घेऊन आई घोट्यापासून गुडघ्याकडं, गुडघ्यापासून मांडीकडं हळूहळू सारत न्यायची, जशी पिठाची परात निपटतात तशी.

सुजलेल्या कातडीला ऊन-गार काही कळत नसे. एकदा पोटरीला फोड आला तरी मला पत्ता नव्हता. तेव्हापासून आई स्वतःचा तळहात माझ्या पायाला लागून धरायची. तिच्या हाताला सोसवेना की डबा मागं सरकवायची. तिचा हात लालभडक व्हायचा. मी म्हणायची, "राहू दे की." ती म्हणायची, "गप. तुला काय कळतंय?" ते अगदी खरं होतं, मला काहीच कळत नव्हतं.

शेक देताना आई माझ्याशी बोलत नसे. बोलली असती तर काय बोलणार होती? माझ्यापाशी विषय एकच आणि तो तिला नको होता. बाकी तर कुणी येतच नव्हतं. गल्लीतल्या बायकांनी हे दुखणं लागट आहे असं परस्पर ठरवून टाकलं होतं. लहानपणी जिच्याबरोबर मी सागरगोटे खेळले ती मैत्रीण बाळंतपणाला आली होती. तिनं दारातूनच विचारलं, "कसं हाय?" आणि उत्तर ऐकायच्या आत गेलीसुद्धा. तिच्या कडेवर लेकरू होतं, तिचं काही चुकलं नाही. पण मी त्या दिवशी जेवले नाही.

पंचमीला तर जीव नकोसा झाला. घरोघरचे भाऊ गाड्या घेऊन बहिणींना आणायला गेले. आमच्या घरून कुणी कुणाला आणायचं? मी तर आधीपासून इथंच. पोरी झोके घेताना गाणी म्हणत होत्या, ती मला माजघरात ऐकू येत होती, आणि सगळ्या गाण्यांत माहेर हवं, माहेर हवं. मला हसू आलं. मग हसता हसता दुसरंच काही आलं. आईनं पाहिलं आणि वीट आणायला उठून गेली.

सुजेवर अंगठा दाबला की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. रोज सकाळी मी दाबून बघायची. श्रावण गेला, खड्डा लवकर भरायला लागला. दसऱ्याच्या सुमारास पडेनासाच झाला. आणि एक दिवस घोट्याचं हाड दिसलं. आईनं ते हाताळून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि पदरानं तोंड पुसलं.

त्या संध्याकाळी ती वडिलांना म्हणाली, "पाय उतरला. आता कळवा की."

वडिलांनी टोपी खुंटीला अडकवली. "मूळ येऊ द्या."

"त्येनला कळल्याबिगर मूळ कसं यील?"

"सुनेची काळजी आसंल तर बघायला येत्याल. मी आपली पोरगी गळ्यात मारायला जानार न्हाय."

वडील वाईट नव्हते. त्यांना वाटत होतं ते माझा मान राखतायत. मला तो मान नको होता, पण तसं म्हणायची माझी छाती झाली नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. पाय बरा झाला तरी शेक चालूच होता. पुन्हा सुजेल म्हणून, असं आम्ही दोघी म्हणायचो. खरं तर त्या विटेशिवाय माझ्याकडं दिवसभरात दुसरं काही उरलं नव्हतं.

चैत्रात येडाई देवीच्या जत्रेला आई मला गाडीतून येरमाळ्याला घेऊन गेली. चुन्याच्या रानात, तिथल्या रितीप्रमाणं, सगळ्यांबरोबर मीही चुनखडीचे पाच खडे वेचले आणि पालखीच्या जागी टाकले. ढेकळांतून चालत होते, माणसांचा नुसता चिखल झाला होता, आणि एकही माणूस माझ्या पायाकडं बघत नव्हतं. किती दिवसांनी मी चारचौघांसारखी झाले होते! तिथंच ईटकडचं एक म्हातारं जोडपं भेटलं. त्यांची गाडी परतीला निघाली होती. मी आईकडं पाहिलं.

"जाऊ?"

आईनं भाकरीचं गाठोडं माझ्या हातात दिलं. "जा. तुझ्या बापाला मी सांगते."

दुसऱ्या दिवशी ऊन कलताना मी ईटला घराच्या अंगणात उभी होते. वाटभर मी मनात घोकलं होतं, काही बोलायचंच नाही, नुसता पाय दाखवायचा. आतून एक बाई आली. माझ्याच वयाची, कोपरापर्यंत हिरवा चुडा. तिनं मला पाहिलं, आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली.

"पाय धुवा, पाव्हणीबाई. लांबनं आलाव जणू."

"तुमी कोन?" मी विचारलं.

"या घरची सून," ती लाजून म्हणाली आणि माझ्या पायांवर पाणी घालू लागली. घरच्या सुनेच्या पायावर कुणी पाणी घालत नाही.

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलंच नाही, सरळ पायाकडं पाहिलं.

"उतरला की गं. कवा उतरला?"

"दसऱ्याला."

"मंग सांगावा का न्हाय धाडला? दिवाळीपतूर वाट बघितली आमी. वाटलं, आता काय उतरत न्हाय. माघात पोराचं दुसरं लगीन लावलं."

"तुमी मूळ धाडलं न्हाय, आत्याबाई."

तांब्या हातात धरून उभ्या असलेल्या त्या पोरीला आता मी कोण ते कळलं होतं. तिचा चेहरा उतरला. ती खाली बघू लागली, माझ्या एका पायाकडं, मग दुसऱ्याकडं, मग पुन्हा पहिल्याकडं.

"कोनता व्हता?" तिनं हळूच विचारलं.

तिला खरंच ओळखता येत नव्हतं. मी उजवा पाय पुढं केला आणि तिनं तांब्यातलं उरलेलं पाणी त्यावर घातलं.